ऑस्ट्रेलियातील वसाहतींमधला पूर्वजांचा सागरी प्रवास कसा शोधावा

घरात ऑस्ट्रेलियन सून किंवा जावई आला आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायला घेतली की एक अडचण हमखास येते. मूळ पुरुष इंग्लंडहून आल्याची नोंद मिळते, पण पुढे तो टास्मानियातून व्हिक्टोरियात किंवा मेलबर्नहून न्यूझीलंडला केव्हा गेला, हे काही केल्या कळत नाही. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संघराज्य होईपर्यंत हे सारे प्रांत स्वतंत्र वसाहती होते आणि त्यांच्यातील जहाजांची ये-जा नित्याची होती. अशा वेळी ‘आडनाव टाकून शोधा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो वेळ फुकट घालवणारा आहे. आधी काळ, मग जहाज आणि सर्वांत शेवटी नाव, हाच क्रम ठेवावा.

काळ ठरवण्यासाठी मुलांचे जन्मदाखले पुरतात: एक मूल टास्मानियातील लाँसेस्टनला आणि पुढचे व्हिक्टोरियातील बॅलारॅटला जन्मले असेल, तर प्रवास त्या दोन तारखांच्या मध्ये झाला. व्हिक्टोरियातील १८५३ नंतरच्या मृत्युदाखल्यात मृताने कोणत्या वसाहतीत किती वर्षे काढली, याचाही रकाना असतो. मात्र ती माहिती देणारे नातेवाईक अंदाजाने बोलत, म्हणून मागेपुढे दोन-तीन वर्षांची सूट धरावी.

त्यानंतर सरकारी याद्या पाहाव्यात. व्हिक्टोरियाच्या अभिलेखागारात १८५२ ते १९१५ या काळात बाहेर गेलेल्या प्रवाशांची सूची आहे; सिडनीला आलेल्या जहाजांच्या १८४५ ते १९२२ च्या याद्या स्वयंसेवकांनी उतरवून काढल्या आहेत. सिडनीच्या या याद्यांत खलाशांचीही नावे आहेत, आणि ती वगळू नयेत, कारण तिकिटाऐवजी जहाजावर काम करून जाणारेही होते.

खरी कसोटी वृत्तपत्रांशी गाठ पडल्यावर लागते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडच्या ‘पेपर्स पास्ट’ या संकेतस्थळांवर जुनी वृत्तपत्रे विनामूल्य वाचता येतात, आणि त्यांतील जहाजवार्तांच्या सदरात केबिनमधील प्रवाशांची नावे येतात. स्टीअरेजमधले, म्हणजे स्वस्त तिकिटाचे प्रवासी मात्र बहुधा ‘आणि स्टीअरेजमध्ये चाळीस’ एवढ्यावर आटोपले जातात. तुमचा पूर्वज सोन्याच्या खाणीकडे निघालेला मजूर असेल, तर तो त्या चाळिसांतच असणार, आणि तिथे त्याचे नाव शोधत बसणे व्यर्थ आहे.

नाव आले तरी ते ‘मिसेस ब्राउन आणि तीन मुले’ अशा थाटाचे असते. अशी नोंद दिसताच ती वंशावळीत चिकटवू नये. तीन मुलांची वये जन्मदाखल्यांशी जुळतात का, त्या तारखेला तान्हे मूल असायला हवे होते का, नवरा आधीच्या एखाद्या जहाजाने एकटा गेला होता का, हे प्रश्न विचारावेत. ब्राउन नावाची कुटुंबे ढिगाने होती. जहाज दोन्ही बंदरांच्या वृत्तपत्रांत तपासणे तर अनिवार्यच आहे. त्यातही ‘क्लिअर्ड आउट’ म्हणजे जकातखात्याचे कागद पूर्ण झाले, जहाज सुटले असे नव्हे; शिडाचे जहाज त्यानंतरही अनुकूल वाऱ्यासाठी लाँसेस्टनजवळच्या टेमार नदीच्या मुखाशी थांबून राहू शके. तारखांमधला हा फरक पाहून जहाजच वेगळे आहे असे ठरवणारे मला अजूनही भेटतात.

‘ट्रोव्ह’वर शोध घेताना जहाजाचे नाव आणि महिना टाकावा. बारीक, पुसट छपाईचे यंत्राने वाचन करताना आडनावांचे वाटोळे होते. जहाजाचे नाव निदान त्याच अंकात चार ठिकाणी येते, म्हणून ते सापडते.

न्यूझीलंडच्या ऑटागो भागात १८६१ मध्ये सोने सापडल्यावर मेलबर्नहून डुनेडिनकडे लोटलेल्या गर्दीत कुणी असेल, तर वर सांगितलेल्या व्हिक्टोरियाच्या निर्गमन सूचीपासून सुरुवात करावी. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांच्यात मात्र मरे नदी ओलांडूनही जाता येत असे, आणि तसे गेलेल्याचे नाव कोणत्याही जहाजाच्या यादीत मिळणार नाही. तिथे शाळांचे पट आणि जमिनीची कागदपत्रे धुंडाळावी लागतात.