बाळंतिणीच्या पोटाचा पट्टा वर सरकू नये म्हणून

बाळंतिणीचे पोट सुती कापडाने बांधले की तासाभरातच ते गुंडाळत बरगड्यांखाली जमा होते. याचे कारण बहुधा कापडात नसते, तर ते उभ्याने आणि वरून खाली बांधले जाते, यात असते.

जुनी, धुवून मऊ झालेली सहावारी सुती साडी मधोमध कापून अर्धा भाग घ्यावा आणि त्याच्या रुंदीच्या चार घड्या कराव्यात, म्हणजे वितीपेक्षा थोडा रुंद, सुमारे २८ सें.मी.चा पट्टा तयार होतो. सिंथेटिक साडी मात्र घेऊ नये. ती घसरते आणि घामही टिपत नाही.

१. लघवीला जाऊन आल्यावर पट्टा अंथरुणावर आडवा पसरावा आणि गुडघे दुमडून त्यावर उताणे निजावे.
२. पहिला वेढा कमरेच्या हाडांवरून घ्यावा. तोच पुढे सर्व पट्टा धरून ठेवतो, म्हणून त्याला घाई करू नये. पुढचे वेढे आधीच्यावर निम्मे चढवत वर न्यावेत आणि बरगड्यांच्या खालीच थांबावे.
३. टोकाला गाठ न मारता ते कुशीला खोचावे, कारण गाठ बाळाला पाजायला बसताना रुतते.

पट्ट्याखाली दोन बोटे सहज जावीत आणि श्वास पूर्ण घेता यावा, इतकाच तो आवळावा. झोपताना सोडावा.

सिझेरियन झाले असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये. बांधल्यावर ओटीपोटात खाली दाब जाणवला किंवा रक्तस्राव वाढला, तर पट्टा लगेच सोडून डॉक्टरांना कळवावे, मग घरातील वडीलधाऱ्या काहीही म्हणोत.