बँका का बुडतात: हा विषय घेणाऱ्यांना माझ्या चुकांसकट चार गोष्टी

एमएला प्रोजेक्टसाठी मी बँकांमधली स्पर्धा आणि आर्थिक संकटं हा विषय घेतला आणि पहिल्याच पानावर ठोकून दिलं की स्पर्धा वाढली की बँका बुडतात. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, मग पीएमसी बँक (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) कोणाच्या स्पर्धेमुळे बुडाली? मी गप्प.

म्हणून नवीन असाल तर थिअरी नंतर, आधी एक केस नीट लावा. मी अमेरिकेतल्या सेव्हिंग्ज अँड लोन संस्था घेतल्या. लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि घरासाठी तीस तीस वर्षांची फिक्स्ड रेटची कर्जं द्यायची हा यांचा धंदा, ठेवीवर किती व्याज द्यायचं त्यालाही सरकारी मर्यादा. 1970 च्या दशकाच्या शेवटी महागाई भडकली, बाजारात दर चढले तसे लोक पैसे काढून मनी मार्केट फंडात, म्हणजे बाजारातल्या दराने परतावा देणाऱ्या फंडात, टाकायला लागले, मग 1980 च्या कायद्याने ती मर्यादा हळूहळू उठवायचं ठरलं आणि त्याच कायद्यात ठेव विमा, म्हणजे संस्था बुडाली तरी ठेवीदाराला परत मिळणारी रक्कम, 40 हजार डॉलरवरून 1 लाख डॉलरवर नेला! 1982 मध्ये कर्ज कुठे द्यायचं यातही मोकळीक. आता जुनी कर्जं स्वस्त, नव्या ठेवी महाग, कित्येकांचं भांडवल साफ, आणि बुडालोच तर ठेवीदाराला विमा आहेच. मालक जोखमीची कर्जं देऊन जुगार खेळणारच ना. 1986 ते 1995 मध्ये हजारावर संस्था बंद पडल्या, विमा देणारी सरकारी संस्थासुद्धा 1989 मध्ये गुंडाळली.

थोडक्यात स्पर्धेने नफा खाल्ला, पण भांडवल संपलेल्या दिवाळखोर संस्थांना बंद न करता चालू ठेवलं ते सरकारनेच, माझ्या मते खरी चूक ती.

पीएमसीत तसं नव्हतं. एचडीआयएल या एकाच बिल्डर ग्रुपला वारेमाप कर्ज आणि ते लपवायला हजारो खोटी खाती. सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते, विमा 1 लाखाचा, तो 5 लाख झाला फेब्रुवारी 2020 मध्ये. सहकारी बँकांवरचं दुहेरी नियंत्रण, म्हणजे आरबीआय आणि सहकार निबंधक दोघंही, हा मुद्दा इथेच समजून घ्या.

आरबीआयचा फायनान्शियल स्टॅबिलिटी रिपोर्ट वर्षातून दोनदा येतो, त्यातलं स्ट्रेस टेस्टचं, म्हणजे मोठा धक्का बसला तर बँका तग धरतील का याच्या चाचणीचं, प्रकरण तरी वाचा, पहिल्यांदा अर्धं डोक्यावरून जाईल, जाऊ दे.

बाबांची एफडी अजून एका छोट्या सहकारी बँकेतच आहे, अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून. तो का मिळतो विचारलं तर म्हणतात, मॅनेजर ओळखीचा आहे.