रविवारी ड्युअल बूट करायचंय, तर शनिवारी एवढं उरकून ठेवा

रविवारी भाचा इंदिरानगरहून लॅपटॉप घेऊन येतोय, विंडोज ११ च्या शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचीय, म्हणजे चालू करताना दोन्हींपैकी हवी ती निवडता येते, यालाच ड्युअल बूट म्हणतात. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, सबमिशनचं सगळं त्याच मशीनवर, म्हणून त्याला आत्ताच सांगितलंय की इन्स्टॉल अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, खरी मेहनत आदल्या दिवशीची.

सगळ्यात आधी बॅकअप, एक्सटर्नल हार्डडिस्कवर, आणि नुसतं कॉपी करून थांबायचं नाही, ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाईली उघडून बघायच्या.

मग बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, होममध्ये तेच डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने दिसतं. इथं घाई नकोच, कारण माझ्या एका मित्राचं यातच वाटोळं झालं. विंडोज ११ होममध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, कोणी विचारत पण नाही. त्याने बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन सिक्युअर बूट (चालू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय) बंद केलं, आणि रिस्टार्ट झाल्यावर समोर निळी स्क्रीन, ४८ आकडी रिकव्हरी की टाका. की त्याच्या जुन्या अकाउंटवर, त्या अकाउंटचा नंबर बंद पडलेला, बहिणीच्या लग्नाचे फोटो गेले ते गेलेच. म्हणून सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन एन्क्रिप्शन चालू आहे का बघायचं, असेल तर अकाउंटमधून की काढून कागदावर उतरवायची, सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने ताडून बघायचे. त्यानंतर एन्क्रिप्शन बंद करायचं, डिस्क मोकळी व्हायला तास-दोन तास पण लागू शकतात, म्हणून तर शनिवारी.

कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअप पण बंद. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून काढायची, श्रिंक करून, म्हणजे सी ड्राइव्ह आकसवून. मिंटला कमीत कमी २० जीबी लागते पण तेवढ्यात जीव गुदमरतो, मी ८० तरी देतो. जागा रिकामी असून श्रिंक कमीच होऊ देतंय असं दिसलं तर हायबरनेशन आणि पेजफाईल (विंडोज डिस्कवर जागा अडवून ठेवतं त्या सोयी) तात्पुरती बंद करून रिस्टार्ट करा. सुटलेली जागा तशीच मोकळी ठेवायची, फॉरमॅट करायची नाही. लॅपटॉपला दुसरा एसएसडी स्लॉट असेल तर वेगळी डिस्कच टाका, मला तेच सगळ्यात सुखाचं वाटतं. आणि लिनक्स आठवड्यातून एकदाच लागणार असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच एका खिडकीत लिनक्स चालवून पण भागतं, एवढा खटाटोप कशाला.

८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर रुफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाईल. आधी लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, टचपॅड, आवाज तपासायचा. इंटेलच्या काही लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, कारण बायोसमध्ये स्टोरेज आरएसटी या इंटेलच्या मोडवर असतं. ते थेट एएचसीआय या साध्या मोडवर टाकलं तर विंडोज उठत नाही, आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या टूलमधून सेफ बूट (पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडणं) लावायचं आणि मगच बदलायचं, आणि अकाउंटचा पासवर्ड पाठ पाहिजे कारण सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही.

चार्जर लावलेला, बॅटरी फुल, आमच्या सिडकोत पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही.

मिंट झाल्यावर आधी ग्रबमधून, म्हणजे चालू होताना कुठली सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या मेनूमधून विंडोज एकदा उघडून बघायचं. घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरायचं नाही, लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) लिहितं आणि विंडोज तीच लोकल वेळ समजतं, मिंटमध्ये एका कमांडने जुळतं. पेनड्राइव्ह मात्र महिनाभर पुसू नको म्हटलंय, विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ग्रब गायब झालं तर तोच लागतो.