मोरचूद, जस्त आणि सुगड : घरी विद्युतघट कसा करावा

संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) केलं की त्यात विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी पडला. तो लेप तांब्याचाच असतो. लोखंड विरघळतं आणि मोरचुदातलं (कॉपर सल्फेटमधलं) तांबं त्याच्यावर बसतं. जस्त हेच काम जास्त जोरात करतं. याच क्रियेवर जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी 1836 साली घट बांधला. तो आजही कृषी केंद्रातल्या सामानावर उभा राहतो.

आधी उष्णता बघून घ्या. थर्माकोलच्या पेल्यात 100 मिली पाणी, 5 ग्रॅम मोरचूद आणि 2 ग्रॅम जस्ताची पूड टाकून ढवळत राहा. तापमान आठ-दहा अंशांनी चढतं, निळा रंग फिका होतो. थर्मामीटर प्रयोगशाळेतला घ्या, ताप मोजायचा इथे कामाचा नाही. या क्रियेत मोलमागे सुमारे 217 किलोज्यूल ऊर्जा निघते. जस्त आणि मोरचूद एकमेकांना भिडले की इलेक्ट्रॉन जागच्या जागी हात बदलतात आणि सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. दोघांना वेगळं ठेवून इलेक्ट्रॉनना तारेतूनच जायला लावलं, तर तीतले 212 किलोज्यूलपर्यंत विजेच्या रूपात मिळू शकतात.

सामान असं. मोरचूद, आणि झिंक सल्फेट 21 टक्के जस्ताचं. दुकानदार चिलेटेड झिंक पुढे करेल, ते घेऊ नका. जस्त टॉर्चच्या साध्या मोठ्या सेलच्या कवचातून काढा. आतली काळी भुकटी हाताला लागू देऊ नका. अल्कलाइन किंवा लिथियम सेल कधीच फोडू नका. छपराच्या टिनाचा तुकडा चालतो असं सांगतात, पण त्यावर जस्ताचा पातळ थर असतो. तो संपला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि व्होल्टेज पाऊण व्होल्टच्या आसपास येतो. तांबं मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणा आणि तारेवरचं वार्निश पॉलिश कागदाने घासून काढा. खरडलेला भाग गुलाबी चमकला पाहिजे.

100 मिली पाण्यात 25 ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या 100 मिलीत 15 ग्रॅम झिंक सल्फेट. पाणी आरओचं घ्या. बोअरच्या जड पाण्यात मोरचूद गढूळ होतं, खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणी घेऊच नका. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं. जर्मनच्या गंजात (अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात) मोरचूद कालवलं तर गंजच खाल्ला जातो. शिवाय मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाचं कोणतंच भांडं याला लावू नका.

आता सुगड. बहुतेक घट इथेच बिघडतात आणि दोष तारेला दिला जातो. दोन द्रावणांच्या मधे अशी भिंत हवी, जिच्यातून आयन (द्रावणातले विद्युतभारित कण) हळूहळू सरकतील पण पाणी वाहणार नाही. संक्रांतीचं रंग दिलेलं सुगड चालत नाही, रंगाने छिद्रं बुजतात. कुंभाराकडून कोरं, रंग न दिलेलं घ्या. पाणी भरून बघा: पंधरा-वीस मिनिटांत बाहेरून ओलसर झालं पाहिजे, थेंब टपकता कामा नये. टपकलं तर भाजणी कच्ची आहे किंवा चीर गेली आहे, ते सोडून द्या.

मग ते तासभर झिंक सल्फेटच्या द्रावणात बुडवून ठेवा. ही पायरी गाळली तर व्होल्ट मोजायचा मीटर जेमतेम हलतो आणि माणूस जोडण्या तपासत बसतो. कोरड्या मातीतून आयन जातच नाहीत. आत झिंक सल्फेट आणि जस्त, बाहेर मोरचूद आणि तांबं. आतली पातळी बाहेरच्यापेक्षा बोटाच्या पेराएवढी वर ठेवा, म्हणजे झिरपलं तरी झिंक सल्फेट बाहेर जाईल आणि मोरचूद आत शिरणार नाही. दर अर्ध्या तासाला जस्त उचलून बघा. काळपट-तपकिरी साय धरली असेल तर मोरचूद आत आलं आहे. तिथलं जस्त आता तारेला इलेक्ट्रॉन न देता नुसती उष्णता करतं आहे. साय घासून काढा, आतलं द्रावण बदला. पुन्हा धरली तर सुगडच बदला.

मीटरची लाल तार तांब्याला, काळी जस्ताला. 1.05 ते 1.1 व्होल्ट दिसायला हवा. मीटर बरोबर दाखवतो पण दिवा लागत नाही, तर अडथळा सुगडात आहे. अजून भिजवा किंवा पातळ भिंतीचं घ्या. लाल एलईडीला दोन घट एकामागे एक जोडा, पांढऱ्याला तीन. एलईडीचा लांब पाय तांब्याकडे.

लिंबात खिळा खुपसून दिवा लावायच्या युक्तीच्या मागे लागू नका. तिथेही ऊर्जा जस्ताचीच असते. लिंबाचा रस फक्त आयनांना वाट देतो आणि हायड्रोजन पुरवतो, प्रवाह एका मिलिअँपिअरच्याही खाली राहतो. या घटात एक ग्रॅम जस्त पूर्ण वापरलं गेलं, तर 5 मिलिअँपिअरवर दिवा दीडशे तासांहून जास्त चालेल इतका विद्युतभार मिळतो. प्रत्यक्षात सायीपायी थोडं कमी.

काम झालं की जस्त काढून धुवा. मोरचूद बाटलीत भरून नाव लिहून ठेवा. नाल्यात किंवा गुरं पाणी पितात तिथे ओतू नका. सुगड साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, नाहीतर सुकताना छिद्रांत स्फटिक धरतात आणि भिंतीला पापुद्रे सुटतात.