स्थळं बघण्याआधी आपलं घर बघा: ड्राफ्टच्या तोंडावर एका टीमचे डिफेन्सिव्ह बॅक जोखताना

चार्टिंगच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मॅच बघून एकेका चालीची नोंद करायच्या, कामाला लागून तीन आठवडे झाले होते आणि माझी पहिली मोठी चूक सापडली. एका टचडाउनपुढे मी लिहिलं होतं: ‘डावा कॉर्नर, खोलवर हरला.’ टीव्हीवर तसंच दिसत होतं. चेंडू पकडणारा रिसीव्हर कडेच्या रेषेलगत एकटाच पळतोय, त्याच्यामागे पाच यार्डांवर कडेचा बचावपटू, म्हणजे हा कॉर्नर, आणि समालोचकही त्याच्याच नावाने बोटं मोडतोय. आमच्या सीनिअरने मला शेजारी बसवलं, वरून घेतलेलं चित्रण लावलं आणि चेंडू हलण्याआधीच थांबवलं. “हा कोणाला राखायला उभा आहे, असं तुला वाटतं?”

या वरच्या चित्रणाला ‘ऑल-22’ म्हणतात, बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यामुळे सगळ्यात मागे उभे असलेले बचावपटू, म्हणजे सेफ्टी, बऱ्याचदा दिसतच नाहीत. इथे दिसले. कॉर्नरने रिसीव्हरला एक धक्का दिला आणि तो तिथेच थांबला, छाती चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे, कारण त्याच्या पुढ्यात चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक बाहेर येत होता. मग सीनिअरने बोट मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिकडचा कॉर्नरही अगदी तसाच थांबलेला. दोन्ही टोकांचे कॉर्नर एकाच वेळी, एकाच पद्धतीने चुकत नाहीत. हे कव्हर-2 होतं: पुढचा पट्टा कॉर्नरांचा, मागचं अर्धं-अर्धं मैदान दोन सेफ्टींचं. डावीकडच्या सेफ्टीने खोट्या हँडऑफला (धावणाऱ्याच्या हातात चेंडू दिल्याच्या सोंगाला) फसून पहिली दोन पावलं पुढे टाकली होती. कॉर्नर नंतर मागे धावला तो निव्वळ माणुसकीने, आणि पकडला गेला.

मी सांगली जिल्ह्यातल्या शाळेत तीन वर्षं कबड्डी खेळले आहे, डावा कॉर्नर. कव्हरने हात आखडला आणि रेडर माझ्या तावडीतून सुटला, की सर मलाच ओरडायचे. तोच अन्याय मी इथे गरम खोलीत बसून, तासाच्या पगारावर करत होते.

या कामात येऊ बघणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मिशिगनमध्ये स्टॅटिस्टिक्सच्या मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षी मला एका डेटा कंपनीत हे काम मिळालं: एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या मॅचचा एकेक प्ले (चाल) बघायचा, कोण कुठे उभा होता, कुठलं कव्हरेज (राखण्याची पद्धत) होतं, चेंडू कोणाच्या अंगावर फेकला गेला ते भरायचं. 2024च्या मार्चमध्ये तिथेच वरच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा परीक्षा म्हणून सांगितलं: एक टीम निवड आणि ड्राफ्टच्या आधी तिच्या डिफेन्सिव्ह बॅक्सची, म्हणजे कॉर्नर आणि सेफ्टींची, अवस्था चार पानांत लिही.

मी डेट्रॉइट लायन्स घेतली. त्या हिवाळ्यात दुसरं काही घेणं शक्यच नव्हतं. गाड्यांच्या कंपन्यांतली, डेट्रॉइटजवळच्या नोव्ही-ट्रॉयकडची आपली मंडळी, जी एरवी क्रिकेटसाठी रात्र जागवतात, ती जानेवारीत निळ्या जर्सीत फिरत होती. टीमने 12-5 असा सीझन काढला, तीस वर्षांनी आपला विभाग जिंकला आणि सुपर बोल या अंतिम सामन्यापासून एक मॅच दूर राहिली. तरी पासविरुद्धचा बचाव रडका होता. धावत येणाऱ्याला अडवण्यात ही टीम लीगमध्ये दुसरी, आणि पासवर दिलेल्या यार्डांत 32 टीम्सपैकी 27वी.

ड्राफ्ट, म्हणजे टीम्सनी कॉलेजची पोरं निवडायचा कार्यक्रम, आयपीएलच्या लिलावाच्या नेमका उलट. बोली नाही, पैशाचा खेळ नाही. सात फेऱ्या, आणि गेल्या वर्षी जो तळाला होता त्याचा हात आधी. डेट्रॉइटचा नंबर 29वा. तोवर कोण उरतंय याचा अंदाज बांधायचा असल्याने मी काय केलं, तर सरळ पोरं बघायला बसले. टोलीडोचा क्विनयन मिचेल, अलाबामाचा टेरियन आर्नल्ड, आयोवाचा कूपर डिजीन, क्लेमसनचा नेट विगिन्स. आठवडाभर व्हिडिओ, नोंदी, रंगीत रकाने. स्थळं बघायचा सपाटाच लावला, आणि आपल्या घरात कोण आहे, कोणाला काय हवंय, याचा पत्ता नाही. सीनिअरने पहिला खर्डा वाचून एवढंच विचारलं, की या टीमला बाहेरचा कॉर्नर हवाय का आतला? मला उत्तर देता आलं नाही.

दुसरा खर्डा घरापासून सुरू केला. एका तक्त्यात एकेक माणूस: वय, करार कधी संपतो, गेल्या दोन वर्षांत किती स्नॅप (म्हणजे किती प्ले) खेळला, त्यातले किती बाहेर, किती आत, किती मागे, आणि दुखापती. करार ‘ओव्हर द कॅप’वर मिळतात, स्नॅप ‘प्रो फुटबॉल रेफरन्स’वर, दोन्ही फुकट. काम कंटाळवाणं आहे, पण रिपोर्टची अर्धी अक्कल इथेच येते.

तक्ता भरल्यावर चित्र वेगळंच निघालं. मागे सेफ्टीला केर्बी जोसेफ, तिसऱ्या फेरीतून 2022 साली आलेला, पक्का. इफियाटू मेलिफॉनवू कॉर्नर म्हणून घेतलेला, दुखापतींत वर्षं घालवून सेफ्टी झालेला; विभाग जिंकून देणारा मिनेसोटातला शेवटचा इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मध्येच पकडणं) त्याचाच. आत, म्हणजे कडेपासून आत उभ्या असलेल्या स्लॉट रिसीव्हरसमोर, ब्रायन ब्रांच, कोणत्याही टीमला हवासा वाटेल असा. म्हणजे मधलं घर भरलेलं. गळती होती ती बाहेर. कॅमेरॉन सटनला टीमने मार्चमध्ये सोडलं होतं. टँपा बेकडून तिसऱ्या फेरीची निवड देऊन कार्लटन डेव्हिसला आणलं, पण त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलेलं. अमिक रॉबर्टसन चिवट, पण बुटका, त्यामुळे आतच शोभणारा. इमॅन्युएल मोझलीचा 2022च्या ऑक्टोबरमध्ये एक गुडघा गेला, 2023च्या ऑक्टोबरमध्ये, डेट्रॉइटकडून पहिल्याच मॅचमध्ये, दुसरा.

नवख्यांनी इथे एक गोष्ट गाठीशी बांधावी. वर्तमानपत्री यादीत ‘कॉर्नरबॅक’ ही एकच जागा दिसते. हल्ली टीम्स निम्म्याहून जास्त वेळ पाच डिफेन्सिव्ह बॅक घेऊन खेळतात, त्यामुळे बाहेरचे दोन, आतला एक आणि मागचे दोन, अशा तीन वेगळ्या नोकऱ्या आहेत. बाहेरच्याला रेषेची सोबत असते, पण त्याला लांब हात आणि एकट्याने पळायची छाती लागते. आतल्याला दोन्ही बाजू मोकळ्या, शिवाय धावत येणाऱ्या बॅकला पाडायचं कामही त्याच्याच गळ्यात. एकीसाठीचा माणूस दुसरीत चालेलच असं नाही.

मग प्रश्न, की 27वा नंबर कोणामुळे? कव्हरेज एकट्या कॉर्नरचं नसतं. समोरची फळी क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचलीच नाही, तर कितीही चांगला कॉर्नर चार-पाच सेकंद माणूस धरून ठेवू शकत नाही. डेट्रॉइटकडे एडन हचिन्सनचे 11.5 सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) होते. बाकीच्यांत कोणी जवळपासही नव्हतं. म्हणून मी प्रत्येक मोठ्या पासपुढे एक रकाना घातला: चेंडू किती वेळ हातात होता. पहिल्या खर्ड्यात कॉर्नरच्या नावावर टाकलेल्या बऱ्याच चुका तिथे पातळ झाल्या.

आणि नशीब. 28 जानेवारी 2024, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धची ती मॅच. मध्यंतराला 24-7 पुढे, शेवटी 34-31 ने हार. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीने रिसीव्हर ब्रँडन अयुककडे लांब चेंडू फेकला. कॉर्नर किंडल विल्डोर, अर्ध्या सीझननंतर टीमच्या राखीव तुकडीत आलेला माणूस. चेंडू थेट त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आदळला, उडाला आणि अयुकने झेप घेऊन पकडला. 51 यार्ड. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी त्या रात्री विल्डोरच्या सात पिढ्या उद्धरल्या. मी तो प्ले वरच्या चित्रणात वीसेक वेळा पाहिला. विल्डोर जागेवर होता, चेंडू आणि रिसीव्हर यांच्या मध्ये होता. हात वेळेवर आले असते तर तो इंटरसेप्शन होता. त्याची जागा बरोबर, चेंडू हाताळणं वाईट, निकाल भयंकर. तीन गोष्टी, तीन रकाने. एकाच रकान्यात कोंबलं की रिपोर्ट त्या काकांच्या पातळीवर येतो.

यानंतरच पोरांकडे वळायचं, आणि तिथे कॉलेजचे नियम वेगळे आहेत हे विसरायचं नाही. एनएफएलमध्ये पाच यार्डांपुढे रिसीव्हरला हात लावला की दंड. कॉलेजमध्ये चेंडू सुटेपर्यंत बरीच धक्काबुक्की खपते. कॉलेजमध्ये पासमध्ये अडथळा आणल्याचा दंड जास्तीत जास्त 15 यार्ड. एनएफएलमध्ये गुन्हा जिथे घडला तिथे चेंडू, मग ते 40 यार्ड का असेनात. मैदानाच्या मधल्या खुणाही वेगळ्या. एनएफएलमध्ये त्या साडेअठरा फुटांवर, कॉलेजमध्ये 40 फुटांवर, म्हणून कॉलेजात मैदानाची एक बाजू लांबरुंद आणि दुसरी चिंचोळी होते. कायम चिंचोळ्या बाजूला खेळलेल्या कॉर्नरला रेषेने किती सांभाळून घेतलंय ते बघावं लागतं. आर्नल्डच्या टेपवर मी लिहिलं होतं: ‘पाय उत्तम, हात फार बोलतात.’ पहिल्या सीझनला पंचांच्या दंडाच्या पिवळ्या रुमालांनी त्याला छळलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं, हे कबूल करते.

इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधल्या (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांतल्या) 40 यार्डांच्या धावेबद्दल थोडक्यात. विगिन्स 4.28 सेकंदांत धावला, आर्नल्ड 4.50. ब्रांच आदल्या वर्षी 4.58. शेवटचा आकडा पुन्हा वाचा, कारण 45व्या नंबरला मिळालेल्या त्याच ब्रांचने आपल्या पहिल्याच मॅचमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध चेंडू पळवून 50 यार्डांचा टचडाउन केला. आतल्या जागेला सरळ रेषेतला वेग कमी लागतो, ओळखण्याचा वेग जास्त. बाहेरच्याला मात्र घड्याळ माफ करत नाही.

या वाटेला यायचं असेल तर चार कामाच्या गोष्टी सांगते. आर ही संगणकभाषा शिका, किंवा पायथन. ‘एनएफएलफास्टआर’ या मोफत पॅकेजमध्ये 1999पासूनच्या सगळ्या मॅचचे प्ले आहेत. एनएफएल दरवर्षी ‘बिग डेटा बोल’ ही स्पर्धा घेते, खेळाडूंच्या हालचालींचा खरा डेटा देते. 2021चा विषयच पास डिफेन्स होता, जुने प्रवेश वाचायला मिळतात. स्पर्धेतून टीम्समध्ये नोकऱ्या लागलेली माणसं आहेत. पण आकड्यांआधी शंभरेक तास ऑल-22 बघा, ते पैसे भरून कोणालाही मिळतं. आणि विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय बाहेरचं एक तासही काम घेऊ नका, ‘फक्त वीकेंडला’ म्हणूनसुद्धा नाही. माझी परवानगी यायला उशीर झाला आणि सीझनचे पहिले आठवडे हातचे गेले.

रिपोर्टमध्ये ‘माहीत नाही’ असा रकाना ठेवायला लाजू नका. टीमने मैदानात काय ठरवलं होतं हे आपल्याला कोणी सांगत नाही. माझ्या चार पानांत कित्येक प्लेपुढे ‘जबाबदारी अस्पष्ट’ लिहिलं होतं. मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ त्यांवरच बोलणं झालं, आणि जागा मिळाली.

ड्राफ्ट त्या वर्षी डेट्रॉइटमध्येच होता. 25 एप्रिलला मी मैत्रिणींबरोबर कॅम्पस मार्शसच्या गर्दीत उभी होते, व्यासपीठ दिसत नव्हतं, फक्त पडदा. पहिल्या 14 निवडी आक्रमणाच्या खेळाडूंच्या, असं आधी कधीच झालं नव्हतं. माझा लाडका मिचेल 22व्या नंबरला फिलाडेल्फियाने नेला. मग डेट्रॉइटचे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स यांनी डॅलसबरोबर अदलाबदल करून 29वरून 24वर उडी मारली आणि आर्नल्डला घेतलं. बाहेरचा कॉर्नर, पहिल्या दोन फेऱ्यांत: माझ्या रिपोर्टमध्ये हेच होतं. गर्दीत मी एवढी ओरडले की शेजारच्या आजोबांनी मला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी घरी बसून बघत होते. 61वा नंबर, डेट्रॉइट: एनिस रेकस्ट्रॉ, मिझूरी. पुन्हा कॉर्नर. मी फोनवर रिपोर्ट उघडला. पान दोन, माझंच वाक्य: ‘एक कॉर्नर पुरे.’ सीनिअरला मेसेज केला, हे जास्तीचं नाही का? उत्तर आलं, “तुझ्याच तक्त्यातला दुखापतींचा रकाना वरून खाली वाच.”

वाचला. मोझली, दोनदा. मेलिफॉनवू. रेकस्ट्रॉचाही गुडघा कॉलेजमध्ये 2021 साली गेलेला, तेही मीच भरलं होतं. डिसेंबरमध्ये डेव्हिसचा जबडा मोडला, तेव्हा मी तो तक्ता पुन्हा उघडला आणि सगळ्यात शेवटी एक नवा रकाना टाकला: ‘हा पडला तर कोण?’