डिचोली डिचोली डिचोली डिचोली! वृत्तात लिहिताना या चुका टाळा

पणजीच्या बसस्टँडवर गावांची नावं ओरडतात ती ऐकत पाच मिनिटं उभे रहा, कवितेच्या वृत्तांचा निम्मा अभ्यास तिथंच होतो, मस्करी नाही करत. लघु म्हणजे आखूड अक्षर, एक मात्रा, गुरू म्हणजे लांब, दोन मात्रा, आणि तीन अक्षरांचा एक गण. डिचोली म्हणजे लघु गुरू गुरू, शाळेत पाठ केलेला तो 'यमाचा', यगण. आता डिचोली एका दमात चारदा म्हणा. झालं भुजंगप्रयात वृत्त, मनाचे श्लोक आहेत तेच. म्हापसा म्हणजे 'राधिका', ते चारदा म्हटलं की स्रग्विणी. आणि पणजी चारदा म्हणजे तोटक.

पण कंडक्टर 'पण्जी पण्जी' असं ओरडतो आणि चूक होते ती इथंच. बोलताना आपण मधला ण गिळतो, वृत्तात तो गिळायचा नाही, प-ण-जी, दोन लघु एक गुरू. शब्दाच्या शेवटी पण तेच. आपण 'काठ्' म्हणतो, मोजताना मात्र का गुरू आणि ठ लघु, तीन मात्रा. बोलीच्या कानाने मोजलं की हिशोब चुकलाच म्हणून समजा.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. 'अक्षरं बरोबर आहेत, मात्रापण बरोबर, मग अडखळतं कुठे?' ही ओळ बघा (मांडवी म्हणजे पणजीची नदी):

मला मांडवीचा दिसे काठ ओला

आणि ही:

मला मांडवीचा काठ दिसे ओला

शब्द तेच, दोन्हीकडे 12 अक्षरं, 20 मात्रा. पहिली ओळ सरळ वाहते, दुसरी 'मांडवीचा' नंतर धाडकन आपटते, कारण तिसरा गण लघूने सुरू व्हायला हवा होता आणि तिथं 'का' हा गुरू येऊन बसलाय. अक्षरगणवृत्तात, म्हणजे गणांचा क्रम ठरलेल्या वृत्तात, बेरजेला काही अर्थ नाही, जागेला आहे. कागदावर प्रत्येक अक्षराखाली लघुला ल, गुरूला गा लिहा, तीन-तीनचे गट पाडा, मग ओळ मोठ्याने म्हणा. जीभ जिथं अडखळेल तिथलाच गट तपासा, अख्खी कविता उचकटत बसू नका.

जोडाक्षरांचा घोळ वेगळाच. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि मग 'तुझ्या' मधला तु पण गुरू धरतात. अरे, तिथं आघात कुठे येतोय? 'रस्ता' म्हणताना र वर जोर येतो म्हणून तो गुरू, 'तुझ्या' किंवा 'दुसऱ्या' म्हणताना आधीच्या अक्षरावर काहीच आदळत नाही म्हणून ते लघुच. कुंकळ्ळी म्हणून बघा, ळ्ळ चा धक्का क वर बसतो, तिन्ही अक्षरं गुरू. म्हापशात म्ह सुरुवातीलाच आहे, त्याच्या आधी अक्षरच नाही, तेव्हा तो प्रश्नच येत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका गणेश चवथीला मी घरच्यासाठी नवी आरती लिहिली, घुमट शामेळ कासाळें ही वाद्यं, सगळं जमलं, लोकांनी वा वा केलं, आणि मला वाटलं आपण वृत्तात लिहायला लागलो. पुढं एका कविसंमेलनात तीच नुसती वाचली तर दुसऱ्या ओळीतच लंगडायला लागली. झालं असं होतं की गाताना आम्ही लघु अक्षरं ताणून तालात बसवत होतो, घुमटाने माझ्या चुका झाकल्या होत्या. चालीत बसलं म्हणजे वृत्तात बसलं असं होत नाही, तेव्हा तपासताना चाल बाजूला ठेवा.

आणि जिथं नको तिथं लघु-गुरू मोजू नका. मोठ्या अभंगाला नुसती अक्षरं मोजायची, 6-6-6-4, दुसऱ्या तिसऱ्या चरणात यमक. ग्रंथातल्या ओवीला तर अक्षरांचंही पक्कं बंधन नाही, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, 1616 साली आपल्या गोव्यात छापलेलं, ते ओवीतच आहे आणि तिथं गण शोधायला गेलात तर वेडे व्हाल.

शेवटची चूक, भरतीचे शब्द. वृत्त पक्कं झालं की माणूस च, ही, तो घालून भोकं बुजवायला लागतो:

दिसे मांडवीचाच तो काठ ओला

मोजून बघा, चारही यगण, एकही मात्रा इकडेतिकडे नाही. पण तो 'च' वाचून वाटतं कुणीतरी झुआरी नदीचा काठ दाखवून फसवायला बघत होतं.