ब्लॅकबेरीची जाळी: ओळखायची कशी आणि मुळासकट काढायची कशी

ब्लॅकबेरीचं काटेरी फळझुडूप तण म्हणून माजतं. ते वरून छाटलं की मोकळं रान बघून बरं वाटतं, पण थोड्याच दिवसांत त्याच जागी जोमदार धुमारे उभे राहतात. या झुडपाचा जीव जमिनीलगतच्या लाकडी गड्ड्यात असतो. दांडा जेमतेम दोन वर्षं जगतो: पहिल्या वर्षी नुसता वाढतो, दुसऱ्या वर्षी फुलतो, फळतो नि वाळतो. गड्डा मात्र वर्षानुवर्षं नवे दांडे सोडत राहतो.

कोयता उचलण्याआधी ओळख पक्की करा, कारण काही ठिकाणी हिची निरुपद्रवी भावंडंही उगवतात. अमेरिकेच्या वायव्य भागातली स्थानिक ब्लॅकबेरी जमिनीवर सरपटते. तिचा दांडा बारीक, गोल आणि पर्णिका (एका पानातली छोटी पानं) तीन. तिथे माजलेल्या ‘हिमालयन’ जातीचा दांडा जाड, कंगोरेदार असतो, काटे दणकट, पर्णिका बहुधा पाच आणि त्यांची खालची बाजू पांढुरकी. (हिमालयाशी हिचा काही संबंध नाही. ही मूळची आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची; अमेरिकी वनस्पती-संकरक ल्यूथर बरबँकने १८८५ मध्ये ती या नावाने अमेरिकेत आणली.) रासबेरीची शंका आली तर पिकलं फळ तोडून बघा. रासबेरी आतून पोकळ निघते, ब्लॅकबेरीचा गाभा फळातच राहतो.

जाळी लहान असेल तर खणून काढणं सगळ्यात उत्तम. जाड चामडी हातमोजे आणि चष्मा घाला, पक्ष्यांची घरटी नाहीत ना ते बघा, मग कडेकडून आत सरका. गड्ड्यावर वीतभर खुंट ठेवून दांडे कापा, म्हणजे गड्डा कुठे आहे ते दिसतं. पाऊस पडून माती मऊ झाली की कुदळीने गड्डा जाड मुळांसकट उपटा. वाकलेल्या दांड्यांचे शेंडे जिथे मातीला टेकले असतील तिथेही मुळं धरलेली असतात. ती सुटली तर मेहनत वाया. कापलेले दांडेही ओल्या मातीवर टाकू नका.

मोठ्या जाळीला शेळ्या लावा. त्यांना काट्यांचं काही वाटत नाही, पण पुन्हा पुन्हा चारावं लागतं, आणि हवी असलेली रोपंही त्या सोडत नाहीत. ऑस्ट्रेलियात या तणावर तांबेऱ्याची बुरशीही सोडली होती. तिने पानं झडतात, गड्डा सहसा मरत नाही.

तणनाशकच वापरायचं तर ग्लायफोसेट शरद ऋतूत, पानं हिरवी असताना फवारा. तेव्हा झाडातलं अन्न मुळांकडे उतरत असतं आणि औषधही सोबत जातं. फवारल्यावर लगेच कापू नका. खुंटाला लावायचं असेल तर उलट, कापल्या कापल्या लावा. प्रमाण लेबलवरचंच घ्या, पाण्याजवळ जपून, आणि झुडूप फळांवर असताना फवारणी नको: कुणीतरी तोडून खाणारच.

ओढ्याच्या काठावर सगळं एकदम उपटलं तर माती वाहून जाते. तिथे टप्प्याटप्प्याने काढा आणि मोकळ्या जागी लगेच स्थानिक झुडपं लावा. बी मातीत काही वर्षं टिकतं, पक्षी नवं आणून टाकतात. दर वसंतात फेरी मारा आणि रोपं बोटभर असतानाच उपटा.